मदत हवी आहे : पंचगंगेच्या पातळीच्या जुन्या नोंदी सर्वांना वापरता येतील अशा कशा मांडाव्यात?

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न असतो, 'पाणी किती फुटावर?' राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. पातळी, पाण्याखालचे बंधारे, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, हे सगळं रोजच्या सरकारी पत्रकात येतं. पण २०१९ किंवा २०२१ च्या पुराशी ताडून बघायचं म्हटलं की हाताशी काही लागत नाही. म्हणून आम्ही तिघं जुनी पत्रकं जमवून त्यांची सीएसव्ही (कुठल्याही संगणकावर उघडणारी साध्या मजकुराची तक्ता-फाइल) करतोय.

सगळ्यात मोठी अडचण फूट-इंचांची. काही पत्रकांत ४२ फूट १० इंच हे '४२.१०' असं लिहिलेलं असतं. एक्सेल त्याचं ४२.१ करतं, म्हणजे ४२ फूट १ इंच आणि हे एकच झालं. परवा आलेख काढला, तर ४२.९ नंतर ४२.१. नदी चढत होती आणि रेघ उतरत होती! चिखली-आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांत इंचाइंचावर जनावरं हलवायचं ठरतं, असला आलेख तिथं पोचला तर काय होईल? सध्या फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घेतलेत, मूळ मजकूर तिसऱ्यात जसाच्या तसा ठेवलाय. मीटरचाही रकाना द्यावा का?

पावसाच्या रकान्यातलं 'निरंक' आम्ही शून्य धरतोय. पत्रकच मिळालं नाही तो दिवस कोरा सोडतोय. हे बरोबर आहे ना? जुन्या फाइली युनिकोडच्या (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) आधीच्या फॉन्टमधल्या आहेत, आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) १ व ९ मध्ये गल्लत करतं. यावर कुणाकडे खात्रीचा उपाय आहे का?

परवान्याचंही विचारायचं आहे. केंद्राचा २०१७ चा खुल्या डेटाचा परवाना श्रेय देऊन फेरवापराची मुभा देतो. पत्रकांवरून आम्ही हातानं उतरवलेल्या तक्त्याला तो लावता येईल का, की नुसता स्रोत लिहावा?

एका कार्यालयात मूळ एक्सेल मागितली, तर छापील प्रत हातात ठेवली. माहिती अधिकाराच्या कलम ७(९) प्रमाणे मागितलेल्या स्वरूपात माहिती सहसा द्यावी लागते. त्याचा आधार घेऊन कुणी एक्सेल फाइल मिळवली असेल, तर अर्जातला मजकूर कृपया इथे द्या. पुढच्या पावसाळ्याआधी हे काम पुरं करायचं आहे.