‘धग’वरची समीक्षा कुठे शोधावी?

प्रश्न (अकरावी, कला शाखा, नागपूर)
सादर नमस्कार. मराठीच्या प्रकल्पासाठी मी उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी निवडली आहे. किमान तीन समीक्षकांची मते तपासून मग स्वतःचे मत मांडावे, अशी आमच्या बाईंची अट आहे. इंटरनेटवर मात्र कथानकाचा सारांश आणि ‘अवश्य वाचा’ एवढेच पुन्हा पुन्हा समोर येते. कोणीतरी सुचवले म्हणून कुसुमावती देशपांडे यांचे ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ दोन दिवस चाळले, परंतु त्यात ‘धग’चा उल्लेखही नाही. माझे शोधणे कुठे चुकते आहे?

निवृत्त मराठी शिक्षक
शोधणे नव्हे, सन चुकले. ते पुस्तक १९५३चे आणि ‘धग’ आली १९६०मध्ये. तेव्हा उल्लेख सापडणार कसा? समीक्षाग्रंथ हाती घेतला की आधी त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे. तरीही ते पुस्तक लगेच परत करू नका. कुसुमावतीबाईंनी आपल्या नागपुरातच इंग्रजी साहित्य शिकवले. कथानक सांगत न बसता कादंबरीविषयी कसे बोलावे, हे त्यांचे एखादे प्रकरण वाचूनही कळेल.

दुसरे असे की, एकाच कादंबरीवर स्वतंत्र समीक्षाग्रंथ क्वचितच निघतो. तिच्यावरची चार-सहा पाने ग्रामीण कादंबरी, प्रादेशिक कादंबरी, वैदर्भीय साहित्य अशा मथळ्यांखाली दडलेली असतात. म्हणून पुस्तक उघडताच शेवटची नामसूची पाहून तिच्यात ‘शेळके’ शोधावे. चंद्रकांत बांदिवडेकर यांचा ‘मराठी कादंबरीचा इतिहास’ आणि भालचंद्र नेमाडे यांचे ‘टीकास्वयंवर’ यांपासून आरंभ करा. नेमाड्यांशी तुमचे पटलेच पाहिजे असे नाही. किंबहुना न पटल्यास प्रकल्प अधिक चांगला होईल.

मात्र त्याआधी प्रश्न नेमका करा. ‘धगचा अभ्यास’ हा विषय नव्हे. नायिका कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी काढून तेथे प्रमाण मराठी घातली तर काय हरवते, हा विषय होऊ शकतो. तिचे सोसणे एका प्रदेशापुरते मानायचे की नाही, हाही होऊ शकतो. ‘प्रादेशिक’ ही चिठ्ठी कादंबरीवर चिकटवली की पुढचे वाचणे थांबते, असे माझे फार दिवसांचे मत आहे.

एम.ए.चा विद्यार्थी
सरांच्या म्हणण्यात ‘शोधगंगा’ या संकेतस्थळाची भर घालतो. विद्यापीठांना सादर झालेले पीएच.डी.चे प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात. अडचण इतकीच की, अनेक मराठी प्रबंधांची नावे रोमन लिपीत नोंदवलेली आहेत, त्यामुळे ‘शेळके’ हे आडनाव रोमन अक्षरांत दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे लागते. शिवाय कित्येक प्रबंधांची पाने नुसती स्कॅन केलेली असल्याने आतल्या मजकुरात शब्द शोधता येत नाही. मी आधी संदर्भसूचीची पीडीएफ उघडतो. प्रबंधकाराचे मत तुम्हाला उपयोगी पडो न पडो, जुन्या नियतकालिकांतील लेखांची नावे, वर्षे आणि महिने तेथे आयते हाती लागतात.

ती यादी घेऊन झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात जा आणि संघाच्या ‘युगवाणी’चे जुने अंक मागा. ‘युगवाणीत धगवर काही आहे का?’ असे विचाराल तर उत्तर मिळणे कठीण. महिना आणि वर्ष सांगितल्यास अंक काढून देणे सोपे जाते.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. वऱ्हाडी संवादांचा विषय मी निश्चित केला आहे. जुने अंक घरी नेता येतात का?

निवृत्त मराठी शिक्षक
बांधीव अंक सहसा तेथेच बसून वाचावे लागतात. टिपण काढताना लेखकाचे नाव, अंकाचा महिना, वर्ष आणि पृष्ठक्रमांक आधी लिहा, मजकूर नंतर. मी एकदा एक सुंदर उतारा पृष्ठक्रमांकाविना उतरवून आणला होता, आणि तेवढ्या एका आकड्यासाठी भर मे महिन्यात पुन्हा बर्डीवर, संघात, जावे लागले होते.