सल्ला हवा: कॉझेशन (कृत्य आणि मृत्यू यांतला कारणसंबंध) आणि ट्रान्सफर्ड मॅलिस (एकासाठीचा हेतू दुसऱ्याला लागू होणं) यांसाठी कुठल्या केसेस मुळातून वाचू?

मुळामुठा:
नमस्कार मंडळी. पुण्याहून लीड्सला आलेय, कायद्याचं पहिलं वर्ष. पुढच्या महिन्यात क्रिमिनल लॉचा पेपर आहे. केसेस पाठ आहेत, पण प्रॉब्लेम क्वेश्चन (काल्पनिक घटनेवरचा प्रश्न) समोर आला की दोन्ही विषयांची खिचडी होते. सरावाच्या उत्तरात मी लिहिलं, "मॅलिस ट्रान्सफर झाला, म्हणून मृत्यूला तोच जबाबदार." समासात लाल शाईचं नुसतं प्रश्नचिन्ह आलं. कुठून सुरुवात करू?

काळा कोट:
प्रश्नचिन्ह बरोबर आहे गं. एका माणसावरून दुसऱ्यावर जातो तो फक्त हेतू. मृत्यू आरोपीच्या कृत्यानेच झाला, हे वेगळं दाखवावं लागतं. म्हणून आधी मिचेल, १९८३ वाच. पोस्टातली रांग. आरोपी मध्ये घुसतो, एक वयस्क गृहस्थ हटकतात, तो त्यांच्यावर हात टाकतो. ते कलंडतात ते ८९ वर्षांच्या एका आजींच्या अंगावर. आजींच्या मांडीचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि पुढे रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून त्या जातात. आरोपीने आजींना हातही लावला नव्हता, तरी मॅनस्लॉटर (खुनाहून सौम्य मनुष्यवध) कायम. वहीत दोन पानं कर: एकावर धक्क्यापासून गुठळीपर्यंतची साखळी, दुसऱ्यावर हेतू.

रातराणी:
मी कॉझेशन आधी पक्कं करायला सांगेन. व्हाइट, १९१०: मुलाने आईच्या पेयात सायनाइड घातलं, पण ती हृदयविकाराने गेली. त्याने विष घातलं नसतं तरी गेलीच असती, म्हणून खून नाही, खुनाचा प्रयत्न. मग ब्लाउ, १९७५ सावकाश वाच. १८ वर्षांची मुलगी, चाकूचे चार वार. रक्त घेतलं नाहीस तर मरशील, असं डॉक्टर सांगतात. दुसऱ्याचं रक्त घेणं निषिद्ध मानणाऱ्या जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाची असल्याने ती नकार देते. तिचा नकारच मृत्यूला कारण, हा बचाव कोर्टाने फेटाळला. जखमी माणूस जसा असेल तसा पत्करायचा, त्याच्या श्रद्धेसकट. मला हा निकाल आजही मनापासून पटतो.

काळा कोट:
सहमत. शिवाय लॅटिमर आणि पेंबल्टन जोडीनेच वाच. लॅटिमरने पट्टा फिरवला एका माणसावर, लागला बाईच्या तोंडाला: दोषी. पेंबल्टनने माणसांवर दगड मारला, फुटली खिडकी: सुटला. हेतू त्याच जातीच्या गुन्ह्यात सरकतो, माणसावरून काचेवर नाही.

मुळामुठा:
खूप आभार. बाबा नाशिकला वकिली करतात. ते म्हणाले, आपल्याकडे हे आयपीसीच्या कलम ३०१ मध्ये लिहिलेलंच होतं, आता न्याय संहितेत १०२. उत्तरात घालू का?

काळा कोट:
उत्तरात नको, पेपर इंग्लिश कायद्याचा आहे. त्याऐवजी ॲटर्नी जनरल्स रेफरन्स क्रमांक ३, १९९४ घाल. गरोदर बाईवर चाकूहल्ला, बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं आणि काही महिन्यांत गेलं. हेतू आईवरून गर्भावर आणि गर्भावरून बाळावर असा दोनदा सरकवायला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) १९९७ मध्ये नकार दिला. खून नाही, पण मॅनस्लॉटर होऊ शकतं म्हणाले. उत्तर पुन्हा लिहिलंस की इथे टाक, बघते.