घड्याळ पुढे-मागे करणं चालू ठेवावं की थांबवावं? मत नको, अनुभव सांगा

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. या तारखा २००७ पासूनच्या. देशभर एकच नियम हवा म्हणून कायदा झाला तो १९६६ साली. २०२२ च्या मार्चमध्ये सिनेटने कायमची उन्हाळी वेळ, म्हणजे वर्षभर एक तास पुढेच, ठेवणारं विधेयक एकमताने मंजूर केलं, तेव्हा आम्हाला वाटलं की आता सुटलो. पण प्रतिनिधीगृहात ते पुढे सरकलंच नाही.

माझं स्वतःचं मत पक्कं आहे. वर्षातून दोनदा माणसांची झोप हलवणं थांबलं पाहिजे. पण एवढं म्हणून काम भागत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो: थांबायचं ते कुठल्या वेळेवर? उन्हाळी की मूळच्या? तिथे भल्याभल्यांचं एकमत मोडतं. म्हणून जगभर पसरलेल्या आपल्या लोकांना विचारते आहे. तुमच्या घरात, कामावर, मुलांच्या शाळेत त्या आठवड्यात नेमकं काय होतं ते लिहा. आणि गाव कुठलं तेही लिहा, कारण सूर्य कधी उगवतो यावर सगळं अवलंबून आहे.

नर्स, रात्रपाळी, शिकागो

मी अतिदक्षता विभागात आहे. आमची पाळी संध्याकाळी सात ते सकाळी सात. नोव्हेंबरातल्या त्या रात्री ती तेरा तासांची होते, मार्चमध्ये अकराची. तेरावा तास शरीराला कळतो. पण खरी कसोटी रात्री एक ते दोनची असते, कारण तो तास दोनदा येतो.

अतिदक्षतेत दर तासाला नोंद असते: रक्तदाब, लघवी किती झाली, ड्रिपचा वेग किती. एक चाळीसला औषधाचा डोस वाढवला. मग घड्याळ मागे गेलं आणि पुन्हा एक चाळीस वाजले. आता संगणकावर १:४० ची नोंद दिसली तर ती पहिली की दुसरी? आमच्याकडे त्या तासापुरतं संगणकावर लिहिणं थांबवतात आणि कागदी तक्ता काढतात. त्यावर पेनाने 'पहिला १:४०', 'दुसरा १:४०' असं लिहायचं. दोन वाजले की पुन्हा संगणक. शेजारच्या प्रसूती विभागात एकदा जुळी झाली. पहिलं बाळ १:५० ला, दुसरं पंचवीस मिनिटांनी. कागदोपत्री दुसऱ्याची वेळ १:१५. धाकटं बाळ थोरल्याच्या आधी जन्मलेलं! आईवडिलांना समजावताना त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ मारून दाखवली, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

हे सगळं आम्ही नीट सांभाळतो. पण ज्या जागी चूक परवडत नाही, तिथे दरवर्षी ठरवून गोंधळाचा एक तास कशासाठी आणायचा, हा माझा प्रश्न आहे. मार्चचं तर वेगळंच. स्वीडनमधल्या नोंदींवरून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेले दिसले. झोपेच्या तज्ज्ञांची अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ही संस्थाही बदल थांबवून कायम मूळ वेळ ठेवा असंच म्हणते. मी त्यांच्या बाजूची.

सॉफ्टवेअर, फ्रँकफर्ट

आमच्याकडे मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. अख्खा युरोपीय संघ एकाच क्षणी बदलतो, यूटीसी (जगाची प्रमाण वेळ, जिच्यापासून बाकीची घड्याळं मोजतात) रात्री एकला, त्यामुळे युरोपात आपापसात त्रास नाही. त्रास अमेरिकेशी. त्यांचं घड्याळ आमच्या आधी पुढे जातं. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क सहाऐवजी पाच तास मागे असतं. भारताचं घड्याळ तर हलतच नाही. तिन्हीकडची माणसं एका मीटिंगला बसवायची म्हणजे दर मार्चमध्ये नव्याने वेळ शोधायची, आणि त्यात कोणाचं तरी जेवण किंवा मुलाला शाळेतून आणणं बुडतंच.

सर्व्हरवरची कामं यूटीसीवरच लावा, हे नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो. स्थानिक वेळेनुसार रात्री अडीचला लावलेलं काम मार्चच्या त्या रात्री चालतच नाही, कारण अडीच वाजतच नाहीत. ऑक्टोबरात तेच दोनदा चालतं. बिलं दोनदा गेली तर ग्राहकाला काय सांगणार? रात्रीच्या रेल्वेगाड्या तर ऑक्टोबरात तासभर एखाद्या स्टेशनात थांबवतात, वेळापत्रक जुळावं म्हणून.

२०१८ मध्ये युरोपीय आयोगाने लोकांना विचारलं होतं. ४६ लाख उत्तरं आली, त्यातली सुमारे तीस लाख एकट्या जर्मनीतून, आणि ८४ टक्के लोक म्हणाले की बदल बंद करा. २०१९ च्या मार्चमध्ये युरोपीय संसदेने २०२१ पासून बंद करायच्या बाजूने मत दिलं. पुढे सदस्य देशांचं जमलं नाही आणि अजून आम्ही घड्याळं फिरवतोच आहोत. मला वेळ कुठलीही चालेल. एक ठरवा आणि सोडा.

दोन मुलांचा बाबा, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

फ्रँकफर्टच्या दादा, 'कुठलीही चालेल' म्हणू नका हो. आमच्या इथे नाही चालणार.

मिशिगनचा हा भाग खरं तर शिकागोच्या वेळेत असायला हवा. रेखांशाने आम्ही त्यांच्याच जवळचे, पण घड्याळ न्यूयॉर्कचं. त्यामुळे जानेवारीत सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो, तेही मूळच्या वेळेवर. कायमची उन्हाळी वेळ केली तर सव्वानऊ. धाकटीची बस सात वीसला येते. आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही, बर्फ कडेला ढकलून ठेवलेलं असतं, त्यामुळे मुलं रस्त्यावरच उभी राहतात. हिवाळाभर मी टॉर्च घेऊन सोबत जातो. तिच्या दप्तराला आणि जॅकेटच्या बाहीला चमकणारी पट्टी शिवून घेतली आहे. फेब्रुवारीच्या शेवटाकडे उजाडायला लागतं. ती एकदा म्हणाली, आज टॉर्च नको, तू नाही आलास तरी चालेल. आणि दहा-बारा दिवसांत मार्चचा दुसरा रविवार येतो. सूर्योदय पुन्हा आठच्या आसपास आणि आम्ही पुन्हा टॉर्चवर.

हा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे, हे लोक विसरतात. तेलाच्या टंचाईच्या काळात, ६ जानेवारी १९७४ पासून, वर्षभर उन्हाळी वेळ लावली होती. ठरलं होतं १९७५ च्या एप्रिलअखेरपर्यंत. काळोखात शाळेला निघालेल्या मुलांचे अपघात झाले, फ्लोरिडात मुलं दगावली, पालक खवळले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हिवाळ्यापुरती मूळ वेळ परत आणावी लागली. बदल बंद करायचा असेल तर मूळ वेळेवर करा. ते जमत नसेल तर मी घड्याळ फिरवत राहीन, पण मुलीला नऊ वाजेपर्यंत अंधारात पाठवणार नाही.

निवृत्त शिक्षिका, अ‍ॅबर्डीन, स्कॉटलंड

मिशिगनचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे डिसेंबरअखेरीस सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. ब्रिटनमध्येही १९६८ ते १९७१ वर्षभर एक तास पुढे ठेवून पाहिलं होतं. मी इथे आले ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंच्या तोंडून ते दिवस ऐकले आहेत. मुलं दंडाला चमकणाऱ्या पट्ट्या बांधून यायची, आणि पहिला तास संपत आला तरी खिडक्यांबाहेर काळंच असायचं. पुढे १९७० च्या डिसेंबरात कॉमन्स सभागृहाने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी तो प्रयोग गुंडाळला.

पण मला उन्हाळी वेळही हवी, हे प्रामाणिकपणे सांगते. जूनमध्ये इथे पहाटे सव्वाचारला सूर्य असतो, घड्याळ पुढे असूनही. पुढे नसतं तर सव्वातीन! त्या उजेडाचा कोणाला उपयोग? तोच तास संध्याकाळी मिळाला की मैदानावर मुलं दिसतात. इतक्या उत्तरेला दोन घड्याळं लागतातच, असं मला वाटतं. दक्षिणेकडच्यांनी ठरवावं आणि आम्ही ऐकावं, हे नको.

औषधांचा पुरवठा, फ्लॅगस्टाफ, अ‍ॅरिझोना

अ‍ॅरिझोनाने १९६८ पासून हा खेळ सोडला. कारण साधं आहे, ऊन. फीनिक्समध्ये जुलैत पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि सूर्य पावणेआठच्या आत मावळतो. घड्याळ पुढे केलं तर पावणेनऊ वाजेपर्यंत तापत बसायचं. सगळे सूर्य कधी जातो याची वाट पाहतात, तो आणखी थांबावा असं इथे कोणालाच वाटत नाही.

पण नवाहो या मूळनिवासी लोकांच्या भूभागात घड्याळ बदलतं, कारण तो यूटा आणि न्यू मेक्सिकोतही पसरलेला आहे. आणि त्याच्या पोटात असलेल्या होपी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या भूभागात बदलत नाही. मी विंडो रॉकहून २६४ क्रमांकाच्या रस्त्याने ट्यूबा सिटीकडे जातो तेव्हा उन्हाळ्यात नवाहो, मग होपी, मग परत नवाहो. फोनवरची वेळ आपोआप मागे जाते आणि पुन्हा पुढे येते. दवाखान्यात माल पोचवायची वेळ सांगताना आम्ही 'कोणाचे दहा' हे आधी विचारतो. डिलिव्हरीच्या कागदावर त्यासाठी वेगळा रकानाच केला आहे.

फार्मसी, कूलांगाटा, ऑस्ट्रेलिया

अगदी अशीच आमची गत, फक्त सीमा पायाखाली. राहते ट्वीड हेड्सला, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये. कामाला कूलांगाटाला, म्हणजे क्वीन्सलँडमध्ये. दोन्ही मिळून एकच गाव, मधून रस्ता जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत या बाजूला नऊ वाजले की त्या बाजूला आठ. मुलाची शाळा एका वेळेवर, माझं काम दुसऱ्या. सकाळी मला तास मोकळा मिळतो, आणि संध्याकाळी तोच तास जातो: शाळा सुटते तेव्हा माझ्या दुकानात अजून दुपारचे दोन. तो तास शेजारच्या काकू मुलाला सांभाळतात, म्हणून निभतं.

क्वीन्सलँडने १९९२ मध्ये सार्वमत घेतलं. साडेचोपन्न टक्के लोक 'नको' म्हणाले. आग्नेय कोपऱ्यातल्या शहरांना हवं होतं, पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या उष्ण भागाला नको होतं. दोघांचंही बरोबर आहे. ब्रिस्बेनला डिसेंबरात पावणेपाचलाच सूर्य वर येतो, आणि आत तिकडे संध्याकाळचं ऊन सोसवत नाही.

आईची देखभाल, बॉस्टन

आईला स्मृतिभ्रंश आहे. दिवस कलायला लागला की ती अस्वस्थ होते, 'घरी चल' म्हणते, दाराची कडी शोधते. ऑक्टोबरच्या शेवटी हे साडेपाचनंतर सुरू होतं. तोपर्यंत मी कामावरून आलेली असते. घड्याळ मागे गेलं की दुसऱ्याच दिवशी साडेचारला अंधार, आणि मी अजून ऑफिसात. डिसेंबरात सूर्य चार बाराला मावळतो. तिच्याजवळ बसणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवलं आहे: तीनलाच सगळे दिवे लावा, पडदे ओढून घ्या, खिडकीत काळोख दिसायला नको. त्याने थोडा फरक पडतो. पण तिचं जेवण, गोळ्या, झोप हे सगळं पुन्हा बसायला नोव्हेंबर संपतो, आणि मार्चमध्ये परत तेच.

मिशिगनचे दादा, तुमच्या मुलीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. पण आम्ही त्याच वेळक्षेत्राच्या पूर्व टोकाला आहोत. मूळ वेळ कायम केली तर जूनमध्ये पहाटे चार वाजून गेले की सूर्य, आणि हिवाळ्यातली संध्याकाळ आहे तशीच अंधारी. मला कायमची उन्हाळी वेळ हवी. केंद्राच्या कायद्यानुसार राज्याला मूळ वेळ कायम ठेवता येते, उन्हाळी ठेवता येत नाही. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने नेमलेल्या समितीने पळवाट सुचवली होती, की कॅनडाच्या पूर्वेकडचं अटलांटिक वेळक्षेत्रच घ्यावं, पण शेजारच्या राज्यांनीही घेतलं तरच. गाडं तिथेच अडलेलं आहे.

(धागा काढणारी)

तुम्ही दोघं एकाच घड्याळावर आहात आणि दोघांचंही पटतंय. मग मला वाटतं, भांडण उन्हाळी-हिवाळी वेळेचं कमी आणि वेळक्षेत्राच्या रेषा कुठे मारल्या याचं जास्त आहे. मिशिगनला शिकागोचं घड्याळ आणि बॉस्टनला अटलांटिकचं मिळालं, तर दोघांनाही वर्षभर एकच वेळ पुरेल. वेळक्षेत्र बदलण्याचा अधिकार अमेरिकेत परिवहन खात्याकडे असतो. म्हणजे ही वाट निदान कायद्यात आहे. इंडियानातले कोणी आहे का? तिथे २००६ मध्ये राज्यभर घड्याळ बदलणं सुरू झालं, आणि नंतरच्या अभ्यासात घरगुती विजेचा वापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढलेला दिसला. वीज वाचते हे कारण तर तिथेच संपायला हवं होतं.

डेअरी, विस्कॉन्सिन

इंडियानाचं माहीत नाही, गोठ्याचं सांगतो. हा सगळा खटाटोप शेतकऱ्यांसाठी आहे असं इथल्या शहरातली माणसंही मला सांगतात. उलट आहे. १९१८ मध्ये युद्धापायी हे अमेरिकेत आलं आणि पुढच्याच वर्षी रद्द झालं. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, आणि शेतकऱ्यांच्याच रेट्यामुळे. गाईला घड्याळ कळत नाही, कास भरलेली कळते. मार्चमध्ये एकदम तासभर आधी दूध काढायला गेलो तर पान्हा नीट सोडत नाहीत, नोव्हेंबरात उशीर झाला तर कास दुखते. म्हणून आम्ही रोज दहा-दहा मिनिटांनी सरकवतो, आठवडाभर. पण टँकर घड्याळावर येतो, तो आठवडाभर थांबत नाही. ज्यांच्याकडे रोबोट आहेत त्यांच्या गाई वाटेल तेव्हा जाऊन दूध देतात, त्यांना काही फरक पडत नाही. आमच्याकडे अजून माणसंच आहेत, आणि त्या आठवड्यात माणसांचीही झोप रोज दहा-दहा मिनिटांनीच सरकते. मूळ वेळ ठेवा, एवढंच सांगतो.