शब्दचर्चा : मोमो उकडलेले, वाफवलेले की उकडीचे?

प्रश्न (विजयनगर, इंदूर)

आमच्या भागात एक छोटं एशियन फ्युजन रेस्टॉरंट आहे. मोमो, बाओ, थाई करी, पनीरची सुशी, सगळं एकाच मेन्यूवर. घरातले सगळे मिळून जातो आणि आजेसासूबाई प्रत्येक पदार्थाला ‘हे केलंय कसं?’ असं विचारतात. पदार्थांची नावं आहेत तशीच सांगावीत, टोफूला टोफूच म्हणावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण कृतीसुद्धा आपण ‘स्टीम्ड’, ‘स्टर फ्राय’ अशीच सांगतो, हे मला मनापासून खटकतं. मुलं तर सरळ ‘स्टीमवाले मोमोज’ म्हणतात. मराठीत स्वयंपाकाची क्रियापदं काय कमी आहेत? तर मोमो उकडलेले, वाफवलेले की उकडीचे? आणि ‘स्टर फ्राय’ला नुसतं ‘परतलेलं’ पुरेल का?

प्रतिसाद (रामबाग)

ताई, वाफवलेले.

‘उकडणे’ दोन्हीकडे चालतं. बटाटे आणि अंडी आपण पाण्यात उकडतो, मोदक वाफेवर उकडतो. घरात हे चालून जातं, कारण कुठला पदार्थ कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. मोमोच्या बाबतीत तसं नाही. चिनी जियाओझ वाफवतात तसे उकळत्या पाण्यात सोडूनही करतात, आणि तिबेटी मोमो सूपमध्ये घालूनही खातात. तेव्हा वाफेवरचे ते वाफवलेले आणि पाण्यातले ते उकडलेले, एवढा भेद पाळला की आजींना विचारावं लागणार नाही.

‘उकडीचे’ हा मात्र वेगळाच शब्द आहे, आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. उकडीचे मोदक वाफेवर उकडतात म्हणून ते उकडीचे, असं नाही. उकड म्हणजे उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी घालून, झाकण ठेवून, वाफ आणून, मग गरम असतानाच मळलेला गोळा. मोदकाला नाव मिळालं ते या पारीवरून. मोमोची पारी मैद्याची, साध्या पाण्यात भिजवलेली. ती लाटताना कच्चीच असते आणि वाफेवर पहिल्यांदा शिजते. म्हणून मोमो उकडीचा नव्हे. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते नागपंचमीचं दिंड. कणकेची कच्ची पारी, आत पुरण, घडी घालायची आणि वाफवायचं. सारण सोडलं तर कृती तीच.

त्याच मेन्यूवर ‘क्रिस्टल डंपलिंग’ असेल, आरपार दिसणाऱ्या पारीचं. ते मागवून बघा. ती पारी गव्हाच्या चिकापासून करतात, म्हणजे आपण कुरडयांना काढतो तो चीक वाळवून केलेली पूड. त्यात टॅपिओकाचं पीठ मिसळतात, वर उकळतं पाणी ओततात, झाकून ठेवतात आणि गरम असतानाच मळतात. पीठ उकळत्या पाण्याने अर्धवट शिजतं म्हणूनच ते वळतं आणि वाफवल्यावर काचेसारखं दिसतं. ही सरळ सरळ उकड आहे. त्या डंपलिंगला ‘उकडीचं’ म्हणायला माझी अजिबात हरकत नाही.

पारी, सारण, कळ्या पाडणे हे शब्दही बेलाशक वापरा. ‘रॅपर’ आणि ‘फिलिंग’ची गरजच नाही.

प्रतिसाद (लोकमान्यनगर)

‘परतलेलं’ अपुरं वाटतं. आपण भाजी परततो ती मध्यम आचेवर, मग झाकण ठेवून एक वाफ काढतो. वोकमध्ये, म्हणजे खोलगट चिनी कढईत, आच मोठी, झाकण नाही, आणि दोन-तीन मिनिटांत खाली. भाजी दाताखाली करकरीत लागते. म्हणून ‘मोठ्या आचेवर परतलेलं’ असं पूर्ण म्हणावं. दोन शब्द जास्त लागले तरी लागू देत.

खरी अडचण वोकमध्ये परतल्यावर येणाऱ्या खास वासाची आहे. कँटनी स्वयंपाकात त्याला ‘वोक हे’ म्हणतात, तापलेल्या वोकचा श्वास. ‘धुरकट’ म्हणू नका, तो आपल्याकडे दोष आहे. दूध किंवा वरण लागलं की आपण धुरकट म्हणतो. ‘खरपूस’ हा भाजल्याच्या रंगाकडे आणि पोताकडे झुकतो. मला ‘खमंग’च योग्य वाटतो, कारण त्यात वास आधी येतो.

प्रतिसाद (राजेंद्रनगर)

बाओविषयी थोडं. बाओ आणि पाव ऐकायला जवळचे, पण नातं नाही. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला. जपानी भाषेत ब्रेडला ‘पान’ म्हणतात, तोही तिथूनच. म्हणजे पावाचं भावंड जपानमध्ये आहे. चिनी ‘बाओ’चा अर्थ गुंडाळणे. आजींना सांगताना ‘वाफवलेला पाव’ म्हटलंत तर लगेच कळेल, कारण तो भट्टीत भाजलेला नसतो, आंबवलेलं पीठ वाफवलेलं असतं.

प्रतिसाद (रामबाग)

‘फ्युजन’ राहू द्या. विज्ञानातलं ‘संमीलन’ ताटात शोभत नाही, ‘मिश्र’ म्हटलं की भेसळीची शंका येते, आणि ‘मिलाफ’ गाण्यात जास्त रुळलाय. शिवाय मिसळलेला पदार्थ अंगवळणी पडला की त्याला नाव गावाचं मिळतं. पोह्यांचंच बघा. वाफेवर ठेवलेले, वर शेव आणि जिरावण मसाला, शेजारी जिलेबी. त्यांना आपण ‘इंदुरी’ म्हणतो आणि महाराष्ट्रातले पाहुणेही तसंच म्हणतात. मंचूरियनही तसंच, नाव मंचूरियाचं. पण त्यातलं आलं-लसूण-हिरवी मिरची आपल्या स्वयंपाकघरातलं, आणि पदार्थ भारतातच घडलेला.

राहिलं ‘मोमोज’. तो शेवटचा ‘ज’ इंग्रजी अनेकवचनाचा आहे, म्हणून ‘एक मोमोज’ चुकीचं. फोटोसारखं चालवा: एक मोमो, दहा मोमो, मोमोंची प्लेट.