मदत हवी आहे: वस्तीतल्या समुपदेशनाचा परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आमची छोटी संस्था काम करते. आशाताई घरोघरी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घेतात. १० किंवा जास्त गुण आले की दवाखान्यात आमच्या समुपदेशक ताईंकडे पाठवतात, गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे. आता निधी देणारे म्हणतात, फरक पडला हे दाखवा.

सहा महिन्यांनी पुन्हा गुण मोजून 'आधी-नंतर'चा तक्ता सहज होईल, पण तो मला पटत नाही. माणूस अगदी खचलेला असतानाच आपल्यापर्यंत येतो, त्यातले बरेच जण काही न करताही थोडे सावरतात. शिवाय दुसऱ्यांदा भेटतात ते टिकलेलेच. धुण्याभांड्याची कामं सोडून सकाळी अकराला येणं ज्यांना जमत नाही, त्या बाया तक्त्यातून गळतात. नेमकं त्यांचं काय झालं, हेच मला कळायला हवं. आणि ज्या गल्लीत पाणी पहाटे चारला येतं, तिथे 'झोप लागत नाही'च्या गुणाचा अर्थ काय लावायचा?

चिठ्ठ्या टाकून अर्ध्या बायांना समुपदेशन द्यावं, तर एकीला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत शेजारणीला कळतं. मग तुलना कसली? म्हणून एकेक बाई नव्हे, अख्खा दवाखाना हेच तुलनेचं एकक धरावं असं वाटतं. कार्यक्रम टप्प्याटप्प्याने वाढवणारच आहोत, तर कुठे आधी सुरू करायचा तो क्रम चिठ्ठीने ठरवावा का? गुजरातेत मेहसाण्यात 'आत्मीयता' या गावातल्या स्वयंसेवकांकडून समुपदेशन करणाऱ्या कार्यक्रमाचा अभ्यास असाच टप्प्यांनी झाला. पण आमच्याकडे दवाखाने सहाच. एवढ्यांत काही सिद्ध होईल का? संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी स्पष्ट सांगावं, 'नाही' असेल तरी चालेल.

नुसता एक सरासरी आकडा मला नकोच आहे. नैराश्य आणि चिंतेवरच्या उपचारांची जी 'मानस' चाचणी गोव्यात झाली (२०१०), तिच्यात सरकारी केंद्रांत रुग्णांना फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. उपचाराची आखणी एकच, जागा बदलली की निकाल बदलला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची अशा गुंतागुंतीच्या कार्यक्रमांच्या मूल्यमापनावरची २०२१ची मार्गदर्शिकाही हेच विचारायला लावते: कुणाला, कुठे, कशामुळे उपयोग झाला?

त्यासाठी समुपदेशक ताईंनी रोज काय टिपून ठेवावं? आधीच त्यांच्या डोक्यावर रजिस्टरांचा ढीग आहे, आणखी चार पानी फॉर्म दिला तर बोलायला वेळच उरणार नाही. अशा कामात कुणी आटोपशीर नोंद वापरली असेल, तर त्यात कोणते रकाने होते ते कृपया लिहा.