कॅरॅव्हॅन ओढायला चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी कोणती? (लीड्स, यूके)

लीड्सचा_सातारकर
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत. बाबांना बाहेरचं खाणं सोसत नाही, आईला हाताशी स्वतःचा ओटा लागतो. म्हणून पाच बर्थची जुनी कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचं जवळपास ठरलंय. सामानासकट कमाल वजन (एमटीपीएलएम) 1300 किलो. माझ्याकडे कोरोला हायब्रिड 1.8 आहे, रोज ऑफिसला जाऊन-येऊन 30 मैल होतात आणि अ‍ॅव्हरेजवर मी खूश आहे. हीच चालेल का? नाहीतर 15 हजार पौंडांपर्यंत काय घ्यावं? लायसन्स इथलंच, 2019 चं.

यॉर्कची_मावशी
कोरोलाचा विचार सोडा. तिची ओढायची मर्यादा 750 किलो आहे. त्यावर ओढलंत तर कायद्याने गुन्हा, आणि काही झालं तर विमावाले हात वर करतील.

कुठलीही गाडी बघायला गेलात की आधी दार उघडून व्हीआयएन प्लेट (गाडीचा नंबर आणि वजनं लिहिलेली पट्टी) वाचा. तिच्यावर वजनाचे चार आकडे असतात. पहिला भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा केला की पूर्ण भरलेल्या गाडीमागे किती वजन चालेल ते कळतं. दुसरा आकडाच नसेल तर ती गाडी ओढायची नाहीच, विकणारा काहीही सांगो. रॅव्ह4 हायब्रिडचंच बघा: बाहेरून सारखीच दिसते, पण टू-व्हील ड्राइव्हला 800 किलो आणि फोर-व्हीलला 1650.

नवशिक्याने कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या (रिकाम्या गाडीच्या वजनाच्या) 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, असं इथले कॅरॅव्हॅन क्लब सांगतात. हा कायदा नाही, पण मी तो पाळते. तुमच्या 1300 ला साधारण 1530 किलोची गाडी लागेल. माझं मत: स्कोडा सुपर्ब इस्टेट, 2.0 टीडीआय (डिझेल), 150 हॉर्सपॉवर, 2018-19 च्या आसपासची. 340 न्यूटन मीटर टॉर्क (ओढायचा जोर) 1750 आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे चढावर इंजिन किंचाळत नाही. आमच्याकडे हीच आहे. एरवी गॅलनला 52-53 मैल, म्हणजे लिटरला जवळजवळ 19 किलोमीटर. कॅरॅव्हॅन जोडली की 28-29 मैल, लिटरला दहाच धरा. यात घाबरण्यासारखं काही नाही, वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही गाडी एकटीच चालवणार आहात. म्हणून एकटीचं अ‍ॅव्हरेजही तितकंच बघा. शिवाय ओढताना कॅरॅव्हॅनमध्ये माणसं बसवायची परवानगी नाही, सगळे जण गाडीतच. सुपर्बच्या मागच्या सीटवर बाबांना पाय लांब करता येतील.

डिझेल खातो तो वारा. मोटरवेवर कॅरॅव्हॅनसह ताशी 60 मैलांची मर्यादा आहे, पण 55 वर चाला: हवेचा विरोध सहाव्या हिश्श्याने कमी होतो. आम्ही डाव्या लेनमध्ये लॉरीच्या मागे, पुरेसं अंतर ठेवून, निवांत जातो.

आणि आईंना आधीच सांगा, तांदळाची पिशवी, कुकर, मिक्सर हे सगळं तळाशी, चाकांजवळ, अ‍ॅक्सलच्या वर ठेवायचं. मागच्या कपाटात जड सामान गेलं की कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते. हिचवरचं (गाडीला जोडायच्या कडीवरचं) वजन कॅरॅव्हॅनच्या 5 ते 7 टक्के हवं, तुमच्यासाठी 65 ते 91 किलो, पण टोबॉलच्या (गाडीमागच्या जोडायच्या गोळ्याच्या) मर्यादेच्या वर नाही. पाणी साइटवर पोचल्यावर भरा.

डर्बीचा_दादा
मावशींशी सहमत, पण घरी चार्जर लावता येत असेल तर इलेक्ट्रिकही बघून ठेवा. टेस्ला मॉडेल वाय आणि आयॉनिक 5, दोन्हींच्या 1600 किलो ओढणाऱ्या आवृत्त्या आहेत, टॉर्कला तर तोड नाही. अडचण रेंजची. कॅरॅव्हॅन मागे लागली की ती निम्म्यावर येते, आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर आधी कॅरॅव्हॅन सोडून ठेवावी लागते. आई-बाबा सोबत असताना पावसात मी तो खटाटोप करणार नाही. लायसन्सची काळजी नको: 16 डिसेंबर 2021 पासून वेगळी टोइंग टेस्ट लागत नाही, 3500 किलोपर्यंत चालतं. टो मिरर (बाजूला जास्त बाहेर येणारे जादा आरसे) मात्र घ्या, कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असणारच.

लीड्सचा_सातारकर
मावशी, दादा, मनापासून आभार. दोन शंका. रोजच्या 30 मैलांत डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदेल का? आणि पहिली ट्रिप स्कारबरोला न्यायचा विचार आहे, नकाशात थर्स्कवरून ए170 चा रस्ता सुंदर दिसतोय.

यॉर्कची_मावशी
त्या 30 मैलांत मोकळा रस्ता असेल तर डीपीएफ साफ होत राहतो. रोज फक्त शहरातली रांग असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोटरवेवर काढा. युरो 6 (धुराच्या प्रदूषणाचं मानक) वालीच घ्या, म्हणजे लंडनला गेलात तरी युलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे) दिवसाला 12.50 पौंड भरावे लागणार नाहीत.

ए170 ने अजिबात जाऊ नका. वाटेत सटन बँकचा चढ आहे, चारास एक (चार फूट पुढे गेलं की एक फूट वर), तिथे कॅरॅव्हॅनला बंदीच आहे. लीड्सहून सरळ ए64 धरा. मॉल्टनजवळ शनिवारी सकाळी गर्दी होते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी उशिरा निघा. त्याआधी एखाद्या रिकाम्या मैदानात रिव्हर्सचा सराव करा, मागे उभं राहून खुणा करायला बाबांना सांगा. गाडी बघायला जाल तेव्हा प्लेटचा फोटो इथे टाका, आकडे मी तपासून देते.