थेंगछोंग : उष्ण झरे आणि जुने गाव यांसाठी किती दिवस ठेवावेत?

प्रश्न : नोव्हेंबरच्या अखेरीस आईवडिलांना घेऊन चीनच्या युन्नान प्रांतात, म्यानमारच्या सीमेलगत असलेल्या थेंगछोंगला जाण्याचा विचार आहे. उष्ण झरे आणि हशुन हे जुने गाव यांसाठी दोन दिवस पुरेसे होतील का?

उत्तर १ : कृपया तीन दिवस ठेवावेत. ‘रहाय’ या झऱ्यांच्या परिसरातील सर्वांत मोठ्या कुंडाचे पाणी ९० अंश सेल्सियसहून अधिक तापलेले असते, त्यामुळे ते कठड्याबाहेरूनच पाहायचे. स्नानासाठी निवालेल्या पाण्याची वेगळी कुंडे आहेत. वाफेवर शिजवलेली, गवताच्या दोरीत ओवलेली अंडी तेथे मिळतात, ती अवश्य खावीत.

उत्तर २ : माझा ओढा हशुनकडे अधिक आहे. व्यापारासाठी ब्रह्मदेशात गेलेल्या पुरुषांनी गावाकडे पाठवलेल्या पैशातून येथील वाडे आणि वंशमंदिरे उभी राहिली, आणि मागे राहिलेल्या स्त्रियांना ऊनपावसात धुणे धुवावे लागू नये म्हणून ओढ्यावर बांधलेले छतांचे मंडप पाहताना मन भरून येते. १९२८ साली स्थापन झालेले ग्रंथालयही चुकवू नये.

उत्तर ३ : नोव्हेंबरअखेर गिंकगोची पाने पिवळी होतात, त्यामुळे तिसरा दिवस त्या वृक्षांच्या गावासाठी द्यावा. सकाळी थंडी असते. वडीलधाऱ्यांसाठी लोकरीचे कपडे न्यावेत. जपानी सैन्याविरुद्धच्या १९४४ च्या लढाईत कामी आलेल्या चिनी सैनिकांची दफनभूमीही शहरातच आहे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार, तीन दिवस निश्चित केले आहेत.